आधी बॅश, मग अ‍ॅन्सिबल

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत नोकरीला लागलास, दहा-पंधरा लिनक्स सर्व्हर हाताखाली आले, आता बॅश (लिनक्सला कमांड द्यायची भाषा) आणि पायथॉन शिकू की थेट अ‍ॅन्सिबल (अनेक सर्व्हर एकदम सांभाळायचं साधन), हा तुझा प्रश्न. माझं स्पष्ट मत: आधी बॅश. सर्व्हिस का पडली, फाइलच्या परमिशन काय आहेत, हे कळत नसेल तर प्लेबुक (अ‍ॅन्सिबलला दिलेली कामांची यादी) चालवल्यावर आलेली एररची लाल ओळ बघत नुसता बसून राहशील.

पण बॅशवरच थांबू नकोस. होस्ट्स फाइलमध्ये (सर्व्हरची नावं-पत्ते असतात ती) इको कमांडने एक ओळ जोडणारी बॅश स्क्रिप्ट तीनदा चालली, की ओळ तीनदा येते. मग ओळ आधीच आहे का शोधायला तू आधी ग्रेप लावणार, मग बॅकअप, मग एखादा सर्व्हर बंद असेल तर त्याचाही बंदोबस्त. काम एका ओळीचं, पसारा केवढा! अ‍ॅन्सिबलचं लाइनइनफाइल मॉड्यूल (एका कामासाठीचा तयार तुकडा) ओळ आहे का बघतं, असेल तर फाइलला हात लावत नाही. शिवाय सर्व्हरवर वेगळा एजंट (कायम चालू ठेवायचा प्रोग्रॅम) नको, एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरायची सोय) आणि पायथॉन असलं की बहुतेक कामं होतात. मात्र प्रत्येक टास्कला शेल मॉड्यूल (दिलेली कमांड जशीच्या तशी चालवणारं) लावलंस, तर ती पुन्हा स्क्रिप्टच झाली. लॉग चाळायचे, एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रॅमकडून माहिती मागायची सोय) आकडे काढायचे, तर पायथॉनच बरं. त्यासाठी यामलमध्ये (प्लेबुक लिहितात ती पद्धत) लूप आणि अटी कोंबू नकोस.

आणि प्लेबुक गिटमध्ये (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेव, एक प्रत सांगलीबाहेर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात कुठवर आलं होतं, ते इथल्या कुणालाही विचार. बदल करायचा तर आधी अ‍ॅन्सिबलचे चेक आणि डिफ हे पर्याय लावून (प्रत्यक्ष बदल न करता काय बदलेल ते दिसतं) बघ, मग लिमिट हा पर्याय लावून एकाच सर्व्हरवर चालव, मग बाकीच्यांवर.