काय गं, सगळं ठीक ना?

गेल्या अंकात मी सहज विचारलं होतं, की मित्रमैत्रिणींना आपण कुठली बातमी सांगतो आणि कुठली पोटात ठेवतो, तर इतकी पत्रं आली की बापरे. वाटलं होतं सगळे ट्रिपचे किस्से पाठवतील, पण निम्म्याहून जास्त पत्रं रुसव्याफुगव्याची निघाली. नावं काढलीत, आणि कुणी ओळखू येऊ नये म्हणून एकदोन तपशीलही गाळलेत.

प्रश्न : ताई, आमचा कॉलेजपासूनचा सहा जणींचा ग्रुप आहे, वीसेक वर्षं झाली, रोज काही ना काही चालूच असतं, कुणाच्या मुलाचा रिझल्ट, कुणाची सासू पडली, कुणी फिरायला गेलं. गेल्या महिन्यात एकीकडून अचानक कळलं की आमच्यातल्याच एकीला ब्रेस्ट कॅन्सर झालाय, ऑपरेशन होऊन गेलंय आणि केमो चालू आहे. दोन महिने तिने ग्रुपवर एक अक्षर काढलं नाही, उलट माझ्या ट्रिपच्या फोटोंना हार्ट टाकत होती!! मला वाईट वाटतंय, रागही येतोय आणि लाजही वाटते. आम्ही तिच्या कुणीच नाही का? आता काय बोलू?

उत्तर : राग आला हे लिहिलंत ते बरं केलंत, बाकीच्या चार जणींनाही आला असणार, फक्त कुणी कबूल करणार नाही. पण तो राग तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका हो. तिला पाठवायच्या पहिल्या मेसेजमध्ये "तू सांगितलं का नाहीस" हे वाक्य अजिबात नको, कारण ते वाचलं की आजारी माणसाला आधी तुमची समजूत काढायला बसावं लागतं.

हे मी अनुभवाने सांगते. माझं मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी शहाणपणाने सगळ्यांना स्वतः फोन करून सांगायचं ठरवलं, म्हटलं कुणाला परस्पर कळायला नको, आणि मग तीच गोष्ट पहिल्यापासून, एमआरआय कधी, डॉक्टर काय म्हणाले, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं का, असं सांगत सुटले. आठवा की नववा फोन असेल, पलीकडे मैत्रीण रडायला लागली आणि मी पलंगावर आडवी पडून तिला म्हणतेय "अगं काही होत नाही, रडू नकोस". फोन ठेवल्यावर मी यादीतली उरलेली नावं खोडून टाकली. त्यातल्या दोघी अजूनही ते बोलून दाखवतात, असो. न सांगण्यामागे प्रेम कमी असतं असं नाही, पुष्कळदा फक्त जीव थकलेला असतो.

सुझन सिल्क म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांना स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. ऑपरेशननंतर त्यांची एक सहकारी भेटायला येते म्हणून हटून बसली, सुझन म्हणाल्या मला आत्ता कुणी नको, तर ती बाई काय म्हणाली माहितीये? की हा काही फक्त तुझा एकटीचा प्रश्न नाही. घ्या! त्यावरून त्यांनी बॅरी गोल्डमन यांच्यासोबत 2013 साली लॉस एंजेलिस टाइम्समध्ये एक लेख लिहिला. त्यातली कल्पना अगदी सोपी आहे, कागदावर एक गोल काढा, मध्ये आजारी माणसाचं नाव, त्याच्या बाहेरच्या गोलात नवरा-मुलं-आईवडील, मग जवळचे मित्र, मग ऑफिसातले वगैरे. नियम एकच, आतल्या माणसाला फक्त आधार द्यायचा, आणि आपली भीती, रडणं, तक्रार जे काय असेल ते आपल्याहून बाहेरच्या गोलातल्या माणसाकडे न्यायचं. तर तुम्ही तिसऱ्या गोलात आहात. तुमचा राग तुमच्या नवऱ्याला ऐकवा, बहिणीला ऐकवा, मला ऐकवलातच. तिला नको, आणि तिच्या नवऱ्यालाही नको, त्याचं तर सध्या कुणीच काही विचारत नसेल.

आता मेसेज. छोटा लिहा, आणि तिला एकटीला, ग्रुपवर नाही. "मला कळलं. तुझी खूप आठवण येतेय. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल." एवढं पुरे. ते शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. "काही लागलं तर सांग" असं लिहू नका, कुणीच सांगत नाही, कारण काय लागेल हे शोधून काढायचं कामही मग तिलाच. त्यापेक्षा "गुरुवारी दुपारी मी मोकळी आहे, मुलाला क्लासहून आणू का, हो की नाही एवढंच सांग" हे बरं. केमोचे डोस बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने असतात आणि डोसनंतरचे काही दिवस माणूस फार गळून जातो, तेव्हा तारीख माहीत असेल तर मदत त्या दिवसांसाठी ठेवा. आणि सर्दी-खोकला असेल तर कितीही ओढ लागली तरी भेटायला जाऊ नका, केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, साधंसं इन्फेक्शनही तिला महागात पडू शकतं.

राहिला तुमच्या फोटोंचा प्रश्न. ती हार्ट टाकत होती ना? मग लाज कसली? दिवसभर रिपोर्ट आणि गोळ्या बघणाऱ्या बाईला कुणाचा तरी वाऱ्याने उडालेला स्कार्फ बघायला आवडत असेल की. उलट आता सगळ्याजणी घाबरून ग्रुपवर गप्प बसाल तर तिला जास्त खुपेल. फोटो टाकत राहा.

आणि ज्या मैत्रिणीने ही बातमी फोडली तिलाही एकदा प्रेमाने सांगा, की आजाराची बातमी ज्याची त्याने द्यायची असते.

प्रश्न : मी नुकताच बारा दिवसांची मोठी ट्रिप करून आलो. मित्रांच्या ग्रुपवर रोजचे फोटो टाकले, एकूण दीडशेच्या आसपास असतील. पहिल्या दिवशी दोन अंगठे आले, नंतर काहीच नाही. परत आल्यावर भेटलो तर मी सांगायला लागलो आणि पाच मिनिटांत विषय कुणाच्या तरी बंद पडलेल्या बाइकवर गेला. हे जळतात का हो?

उत्तर : जळत नाहीत हो, कंटाळतात. दीडशे फोटो!! माझ्या सख्ख्या भावाने पाठवले असते तरी मी ग्रुप म्यूट केला असता.

थोडं गंभीरपणे सांगते. 2014 साली गस कूनी, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी एक मजेशीर प्रयोग केला होता. चार-चार जणांचे गट केले, एकाला भारी व्हिडिओ दाखवला आणि तिघांना यथातथा, मग चौघांना गप्पा मारायला बसवलं. ज्यांना याचा अंदाज करायला सांगितलं त्यांना वाटलं होतं की भारीवाला मजेत असेल, झालं उलटंच, गप्पांनंतर तोच सगळ्यात पडलेला होता, कारण तिघांकडे बोलायला एक सामायिक गोष्ट होती आणि याच्याकडे नव्हती. तुमचं तेच झालं. बंद पडलेली बाइक सगळ्यांची आहे, तुमचा डोंगर तुमच्या एकट्याचा.

तेव्हा पुढच्या वेळी तीनच फोटो टाका आणि एक फजिती. विमान चुकलं, हॉटेलात बुकिंगच सापडेना, बूट ओला झाला, काहीही. फजितीवर सगळ्यांना बोलता येतं, कारण फजिती प्रत्येकाची झालेली असते, सूर्यास्तावर काय बोलणार, मस्त म्हणणार आणि गप्प बसणार. आणि ऐकणाऱ्याला ओळखीचं काहीतरी द्या, "तुझ्या त्या अमक्या ट्रिपसारखाच रस्ता होता" म्हणालात की तो लगेच सरसावून बसेल.

जाता जाता, घराला कुलूप असताना रोजचा ठावठिकाणा मोठ्या ग्रुपवर टाकू नका, आल्यावर टाका. फोटोची क्वालिटी जाऊ नये म्हणून बरेचजण तो डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, तसं केलं की फोटो कुठे काढला ते लोकेशन त्यासोबत जाऊ शकतं. साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप ती माहिती काढून टाकतं. जवळच्या एकाला मात्र पूर्ण प्रवासाचा प्लॅन, तिकिटं, राहण्याचे पत्ते, इन्शुरन्सची कॉपी देऊन ठेवा.

प्रश्न : मला तिसरा महिना संपत आलाय. माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं सहा महिन्यांपूर्वी मिसकॅरेज झालं. तिला कसं सांगू? नवरा म्हणतो ग्रुपवर एकदमच सांग, म्हणजे तिला वेगळं वाटणार नाही.

उत्तर : नवऱ्याचं ऐकू नकोस. (इतर बाबतीत ऐक हवं तर.)

ग्रुपवर सांगितलंस की पुढच्या दोन मिनिटांत फुगे, फुलं, अभिनंदन यांचा पाऊस पडणार आणि तिला त्या सगळ्यांच्या समोर हसून दाखवावं लागणार, गप्प राहिली तर तेही दिसणार. तिला एकटीला, सगळ्यांच्या आधी सांग. आणि लिहून सांग. मला माहितीये, फोन जास्त जवळचा वाटतो, एरवी मीही फोनवालीच आहे, पण फोनवर तिला त्याच क्षणी आनंदाचा आवाज काढावा लागेल. मेसेज वाचून ती आधी रडू शकते, फोन बाजूला ठेवू शकते, उद्या उत्तर देऊ शकते.

असं काहीतरी, "तुला सगळ्यात आधी सांगतेय. मला दिवस गेलेत. तुला हे वाचून आनंद आणि त्रास दोन्ही होऊ शकतं, आणि दोन्ही मला मान्य आहे. तुला वाटेल तेव्हा बोलू." सारखं "सॉरी" म्हणू नकोस, तू काही चूक केलेली नाहीस. तिची जखम आहे म्हणून तुझा आनंद चोरून आणायची गरज नाही, फक्त तो तिच्या अंगावर फेकायचा नाही. नंतर उलट्या आणि डोहाळे यांची तक्रार दुसऱ्या मैत्रिणीकडे कर, कारण तीच तक्रार करायला मिळावी म्हणून हिने जीव टाकला असता. आणि ती थोडे दिवस लांब राहिली तर राहू दे.

तिला तिच्या दुःखाबद्दल कुणी विचारलंच नसेल हेही शक्य आहे. लक्षात आलेल्या गरोदरपणांपैकी दहा ते वीस टक्के अशा तऱ्हेने संपतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच, आणि म्हणूनच पुष्कळजणी तोवर कुणाला सांगत नाहीत. मग घडलं तर दुःखही कुणाला सांगता येत नाही, कारण आधीची बातमीच कुणाला माहीत नसते. तुला माहीत होती. ते तिच्यासाठी मोठं आहे.

प्रश्न : आमचे एक मित्र रोज पहाटे पाचला तब्येतीचे फॉरवर्ड टाकतात. काल आलं, एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचतो. सगळ्यांनी हात जोडले. हे खरं आहे का? आणि त्यांना न दुखावता कसं थांबवू?

उत्तर : खरं नाही, आणि हे धोकादायक आहे. हॉस्पिटलात मॉनिटर लावलेला असताना, काही ठरावीक प्रकारे हृदयाचे ठोके बिघडले तर डॉक्टर समोर उभे राहून पेशंटला खोकायला सांगू शकतात, त्या एका गोष्टीवरून कुणीतरी हे पसरवलं. घरी एकट्याने खोकत बसण्यात फक्त वेळ जातो. छातीवर दाब, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम, धाप, बायकांमध्ये कधीकधी नुसती मळमळ आणि विचित्र थकवा, असं काही झालं की लगेच ॲम्ब्युलन्सला फोन, दाराची कडी काढून ठेवणं आणि स्वतः गाडी न चालवणं, हे करायचं.

त्यांना ग्रुपवर खोटं पाडू नका, चारचौघांत चूक दाखवली की माणूस ती चूकच धरून बसतो. एकट्याला फोन करा. मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली तर तो हातोहात फिरत फिरत आलेला आहे हे दाखवून द्या, असे मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता यावेत असं बंधन व्हॉट्सॲपने एप्रिल 2020 मध्येच घातलंय. आणि फोनवर हेही विचारा की एवढ्या पहाटे उठता कशाला, झोप लागत नाही का. मला तर वाटतं पाचचं फॉरवर्ड म्हणजे त्यांची हजेरी आहे, मी आहे बरं का, एवढंच. त्या फोननंतर फॉरवर्ड आपोआप कमी होतील बघा.

प्रश्न : माझी शुगर, माझं घोरणं, माझं प्रमोशन हुकलं, सगळं बायकोच्या मैत्रिणींना माहीत असतं. काय करू?

उत्तर : तिला विचारा की तुझ्याबद्दल मी माझ्या मित्रांना काय सांगितलेलं चालेल. ती जी यादी देईल तीच तुमचीही, झालं. लगेच लक्षात आलं तर साधारण अडीच दिवसांपर्यंत मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण घोरणं एव्हाना सगळ्यांनी वाचलं असणार.

प्रश्न : एका जिवलग मैत्रिणीशी तीन वर्षं बोलणं नाही. भांडण नाही, काही नाही, दोघींच्या घरची आजारपणं, बदल्या, आणि राहूनच गेलं. आता एकदम मेसेज केला तर तिला वाटेल काहीतरी काम आहे.

उत्तर : तीही हेच पत्र कुठेतरी लिहीत असेल. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये यावरच अभ्यास केला, असा अचानक मेसेज समोरच्याला किती आवडेल याचा अंदाज पाठवणारे कमी धरतात, आणि जितका तो अनपेक्षित तितका जास्त आवडतो. तीन वर्षांचा हिशोब देत बसू नका, माफीचा परिच्छेद नको. जुना एखादा फोटो, आणि खाली एक ताजी, साधी बातमी, गुडघा दुखतोय, लेक गाडी शिकतेय, काहीही.

फक्त "अगं ऐक ना" एवढंच टाइप करून पाठवून आंघोळीला जाऊ नका, तीन वर्षांनी तसा मेसेज आला तर ती तासभर जीव मुठीत धरून बसेल.