शाळा म्हणते, 'दाखला न्या, स्पेशल शाळा बघा.' पालक म्हणून आमचे हक्क काय?

सही करू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की मुलगा चौथीत आहे, तोंडी सगळं धडाधड सांगतो, वही समोर आली की अडतो, आणि मुख्याध्यापकांनी 'पालक स्वखुशीने दाखला नेत आहेत' असा अर्ज टाइप करून तुमच्या पुढ्यात ठेवलाय. प्रमाणपत्र कसं काढायचं, तेही विचारलंय. तो मजकूर मला पाठ आहे. आमच्या वेळी हाताने लिहिलेला होता, एवढाच फरक.

त्यांना तुमची सही का हवी आहे, ते आधी समजून घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवीत आणि आठवीत नापास करायची मुभा आली, काढून टाकायची नाही. म्हणजे शाळेच्या हातात काहीच नाही, जे आहे ते तुमच्या पेनात आहे.

आमचा मुलगा तेव्हा पाचवीत होता. अनुदानित मराठी शाळा, सेमी इंग्लिश, गावात नाव असलेली. मुलाला गडकिल्ले सनावळीसकट तोंडपाठ, आणि श्रुतलेखनाची वही लाल शाईने भरलेली. 'हुशार आहे पण आळशी', 'घरी लक्ष द्यावे', 'अक्षर सुधारा'. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी तेच शेरे, फक्त सही बदलायची. घरी लक्ष म्हणजे किती द्यायचं? रात्री साडेदहापर्यंत तो आणि मी एकाच परिच्छेदावर रडत बसलेले असायचो.

मग एका शनिवारी बोलावणं आलं. मुख्याध्यापिका, पर्यवेक्षक, वर्गशिक्षिका एका बाजूला आणि आम्ही दोघं समोर. बोलणं अगदी गोड. 'त्याच्याच भल्यासाठी सांगतोय', 'तिथे त्याला त्याच्यासारखी मुलं मिळतील', चहासुद्धा मागवला. मिस्टरांनी पेन हातात घेतलंसुद्धा होतं, कारण आमच्या घरात शिक्षकांना उलट बोलायची पद्धत नाही. मला तेव्हा कायद्यातलं एक कलम माहीत नव्हतं. पण मी बँकेत नोकरी करते, कागदावर कुणाची सही आहे यावर पुढे काय काय ठरतं ते मला रोज दिसतं. मी म्हटलं, 'मॅडम, उलटं करू या. तुम्ही शाळेच्या लेटरहेडवर लिहून द्या, की या मुलाला शिकवणं आम्हाला जमत नाही म्हणून आम्ही दाखला देत आहोत. मी लगेच घेऊन जाते.' पर्यवेक्षक पंख्याकडे बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, 'अहो, असं लेखी कुठे देतात का!'

ते पत्र कधीच आलं नाही. दाखल्याचा विषयही त्यानंतर निघाला नाही. पण मुलाला वर्गात ठेवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. पुढचे दोन महिने तो नुसता ठेवलेला होता, शेवटच्या बाकावर.

खरी लढाई इथून सुरू होते, आणि ती आवक-जावकच्या टेबलावर होते. मी अर्ज लिहिला. क्लार्क घेईना. 'मॅडमना विचारून पोच देतो.' दुसऱ्या दिवशी 'मॅडम मीटिंगला गेल्यात'. शेवटी पोस्टाने पोचपावतीसह पाठवला आणि एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना लावली. तुम्हीही तेच करा. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे तुम्ही तो दिलेलाच नाही. आणि अर्जात 'कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असलं काही नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 16 आणि 17, एवढं लिहा आणि खाली मुलाला नेमकं काय हवं ते लिहा. या कायद्याने धरलेल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे बुद्धी चांगली असून वाचन, लेखन किंवा गणितात अडणं. सरकारी असो, अनुदानित असो, नाहीतर नुसती मान्यता असलेली खासगी शाळा असो, अशा मुलाला प्रवेश देणं, अडचण लवकर ओळखणं आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करणं तिला बंधनकारक आहे. वाजवी सोय नाकारणं हा याच कायद्यात भेदभाव धरलाय. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर पन्नास हजार ते पाच लाख. आकडा अर्जात लिहू नका, तोंडी कधीतरी सहज निघू द्या.

शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रतीमुळे गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका आल्या. समग्र शिक्षा या सरकारी योजनेखाली या नेमलेल्या असतात, बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. एकट्या बाईंकडे किती शाळा होत्या विचारू नका, स्कूटीच्या डिकीत फ्लॅशकार्डांची पिशवी घेऊन फिरायच्या. (सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलंय की प्राथमिकला दर 10 विशेष गरजांच्या मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना दर 15 मागे एक विशेष शिक्षक हवा. तुमच्या तालुक्यात किती आहेत ते एकदा विचारून बघा.) त्यांनी मुलाबरोबर तासभर घालवला आणि एक पानी आराखडा केला. इंग्रजीत याला आयईपी म्हणतात. अमेरिकेत माझी नणंद असते, तिच्या मुलीच्या शाळेत आईवडिलांना बसवून हा आराखडा करणं कायद्यानेच सक्तीचं आहे. आपल्याकडे आयईपी असं नाव घेऊन सक्ती नाही, गरजेप्रमाणे वैयक्तिक साहाय्य द्यावं एवढं कलमात आहे. म्हणून मागावं लागतं.

आमच्या पानावर काय होतं? पहिला बाक. फळ्यावरचं उतरवून घ्यायची सक्ती नाही, मित्राच्या वहीची झेरॉक्स चालेल. वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभं करायचं नाही. परिसर अभ्यासाची चाचणी तोंडी. भाषा सोडून इतर विषयांत शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. आणि प्रत्येक ओळीपुढे कुणी करायचं त्या शिक्षकांचं नाव. बाईंनी हा शेवटचा रकाना मुद्दाम आखला होता. नाव नसलं की ते काम कुणाचंच नसतं.

परिसरच्या बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात त्याची तोंडी परीक्षा घेतली आणि मला फोन करून म्हणाल्या, 'अहो, याला तर वर्गात सगळ्यात जास्त येतं.' मराठीच्या सरांनी वर्षभर काही केलं नाही. त्यांचं म्हणणं, 'मग बाकीच्या चाळीस पोरांना मी काय उत्तर देऊ?' हा प्रश्न तुम्हालाही येणार. बाकीची चाळीस पोरं कधीच काही विचारत नाहीत. मुलांना बाजूच्या बाकावरचा काय झगडतोय ते दिसत असतं. विचारतात ते मोठे.

आणि मोठ्यांवरून आमचे मोठे दीर. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. निवृत्त मुख्याध्यापक, पंचक्रोशीत मान. त्यांचं पहिल्या दिवसापासून एकच: 'सर्टिफिकेट काढू नका. आयुष्यभराचा शिक्का बसेल. आमच्या काळात असलं काही नव्हतं, दोन रट्टे दिले की पोरं लिहायची.' सासूबाई त्यांच्या बाजूने, मिस्टर मधल्या मधे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राला आम्हाला जवळजवळ वर्ष उशीर झाला तो चाचण्यांमुळे नाही, या बैठकांमुळे.

मी त्यांना तेव्हा विचारलं नाही, आता इथे विचारते. अण्णा वाचणार नाहीत, त्यांची सून वाचते. अण्णा, तुमच्या काळातली ती मुलं गेली कुठे? सातवीत दोनदा बसलेली, मग गुरांमागे गेलेली, हॉटेलात कपबशा विसळायला लागलेली? त्यांच्यावर शिक्का नव्हता? 'ढ' हा काय शिक्का नव्हता? तो तर सगळ्या गावाला वाचता यायचा. प्रमाणपत्र निदान फायलीत असतं, आणि काढायचं कधी ते आपल्या हातात असतं.

दहावीत मुलगा 71 टक्क्यांनी पास झाला. पेढे द्यायला गेलो तर अण्णा म्हणाले, 'छान. यातले सवलतीचे किती?' त्या पेढ्यांची चव अजून माझ्या तोंडात आहे. त्याने सवलत म्हणून घेतला तो जास्तीचा वेळ आणि लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते लिहून देणारा. प्रश्नपत्रिका तीच आणि उत्तरं त्याच्या डोक्यातली. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. आमच्याकडे शेजारची नववीतली मुलगी होती, तिला 'प्रकाशसंश्लेषण' अक्षर अक्षर फोडून सांगावं लागायचं. आकृती काढून घ्यायची तर कुठली रेघ कुठून कुठे, तेही तोंडाने. एकदा असा पेपर देऊन बघा, अण्णा.

असो. तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग राहिला, प्रमाणपत्राचा. खासगी मानसतज्ज्ञाचा अहवाल शिकवायला उपयोगी पडतो, बोर्डाला तो चालत नाही. त्यासाठी नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयाचंच प्रमाणपत्र लागतं, अर्ज युडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर. बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात. साधारण आठव्या वर्षानंतरच हे निदान पक्कं धरतात, म्हणजे तुमच्या मुलाचं वय झालंय. जाताना जुन्या वह्या न्या, स्वच्छ लिहिलेल्या नव्हे, लाल शाईच्या. नंबर लवकर लागत नाही, म्हणून दहावीची वाट बघू नका. नववीतच शाळेला प्रस्ताव करायला लावा, तो विभागीय मंडळाकडे शाळेमार्फतच जातो. जास्तीचा वेळ म्हणजे तासाला किमान वीस मिनिटं, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. भाषेतून, गणितातून सूट मागण्याआधी मात्र दहावीनंतरचं काय ते ठरवा. गणित सोडलं की पुढच्या काही वाटा बंद होऊ शकतात, हे शाळा सांगत नाही. आणि लेखनिक दोन तयार ठेवा, मार्चमध्ये कांजिण्या येतात.

शाळा ऐकतच नसेल तर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांना दिवाणी न्यायालयासारखे समन्स काढायचे अधिकार आहेत. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. तक्रारीचा मसुदा मात्र मी शाळेत टेबलावर उघडा ठेवून बसले होते.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. हे सगळं राज्य मंडळाच्या अनुदानित शाळेतलं आहे, सीबीएसई आणि आयसीएसईचे सवलतींचे नियम त्यांचे त्यांचे. तुमची शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालामुळे शिक्षण हक्क कायदा तिला लागू नाही, म्हणजे मी वर सांगितलेलं त्या कायद्याचं कलम 16 तिथे टिकणार नाही. दिव्यांग हक्काचा कायदा तरीही लागू आहे, अर्ज त्याच्यावरच करा. आणि विशेष शाळा वाईट असतात असं मी म्हणत नाही. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळची शाळा किंवा विशेष शाळा, आपल्या पसंतीने, मोफत मिळते. माझ्या मैत्रिणीचा स्वमग्न मुलगा विशेष शाळेत खूप चांगला रमलाय. पण ती निवड त्यांनी केली, मुख्याध्यापकांनी नाही.

शाळा कुठल्या मंडळाची ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं लिहिलंत तर मी अर्जाचा माझा जुना नमुना देते, त्यात कलमं आणि मुलाचं नाव बदललं की झालं.