फ्रीहोल्डही घेतलं, आता जुन्या लीजचं काय?

तुम्ही विचारलंय, मँचेस्टरजवळच्या तुमच्या घराचं 999 वर्षांचं लीज (भाडेपट्टा) आधीपासून आहे, आता फ्रीहोल्डही (घर-जमिनीची कायमची मालकी) घेतलंत, तर दोन्ही टायटल, म्हणजे हक्कांच्या नोंदी, आपोआप एक होतात का? नाही होत. लँड रजिस्ट्रीत (सरकारी जमीन-नोंदणी कार्यालयात) दोन्ही टायटल नंबर चालूच राहतात आणि कागदोपत्री तुम्ही स्वतःचेच मालक नि स्वतःचेच भाडेकरू. भारतात मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 111 म्हणतं की दोन्ही हक्क एकाच माणसाकडे आले की भाडेपट्टा संपला. इंग्लंडात 1925 च्या मालमत्ता कायद्याचं (लॉ ऑफ प्रॉपर्टी अॅक्ट) कलम 185 आड येतं. इथे मालकाचा इरादा बघतात, म्हणून मर्जर, म्हणजे लीज फ्रीहोल्डमध्ये मिसळून संपवणं, मागावं लागतं.

मी बोल्टनला राहतो. आमच्या रस्त्यावरची बरीचशी जुनी घरं अशीच, ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं) वर्षाला चार-पाच पौंड. मी फ्रीहोल्ड घेतलं तेव्हा सॉलिसिटरचा पहिला प्रश्न होता, मॉर्गेज कुठल्या टायटलवर आहे? लीजहोल्डवर होतं. लीज संपलं तर बँकेचं तारणच जातं, त्यामुळे आधी बँकेची संमती आणि तोच बोजा फ्रीहोल्डवर आणणारं वेगळं डीड लागलं. बँकेने त्याचे पैसे घेतले आणि उत्तराला भरपूर तंगवलं, ते सांगायलाच नको. तुमचं कर्ज फिटलं असेल तर ही कटकट वाचली.

मग नावं तपासा. लीज एकट्याच्या नावावर आणि फ्रीहोल्ड नवरा-बायकोच्या, असं असेल तर आधी दोन्हीकडे सारखी नावं करून घ्या. आणि लँकेशायरकडे नेहमी सापडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे मधलं हेडलीज. तुमच्या आणि फ्रीहोल्डच्या मध्ये तिसऱ्याचं लीज असेल तर तुमचं लीज फ्रीहोल्डमध्ये मिसळूच शकत नाही.

एवढं साफ असलं की बाकी काम सोपं आहे. फ्रीहोल्ड नावावर करायला लँड रजिस्ट्रीकडे जो एपी1 फॉर्म जातो, त्यातल्या अर्जांच्या यादीत मर्जरची एक ओळ घालायची आणि दोन्ही टायटल नंबर द्यायचे. मागच्या गल्लीतून ये-जा करायचा हक्क लीजमध्ये लिहिला असेल तर तो फ्रीहोल्डच्या रजिस्टरवरही दिसेल असं सॉलिसिटरला आवर्जून सांगा. असा हक्क मर्जरनंतरही लीजच्या मुदतीपुरता टिकतो, असा 2007 चा वॉल विरुद्ध कॉलिन्स निकाल आहे. पण पुढे घर विकताना गिऱ्हाइकाच्या वकिलाला निकाल ऐकवत बसण्यापेक्षा रजिस्टरवरची नोंद बरी.

मर्जर नाही केलं तर बिघडतं काय? रोजच्या जगण्यात काहीच नाही. पण विकताना दोन्ही टायटल द्यायची असतात, आणि घाईत फक्त लीजहोल्ड विकलं गेलं तर घर गेलं तरी जमिनीची मालकी तुमच्याकडे लोंबकळत राहते. पुढे कुणीतरी वकील लावून तुम्हाला शोधत येणार!

हे सगळं घराबद्दल झालं. तुमच्या मेहुण्यांनी शेजाऱ्यांबरोबर मिळून फ्लॅटच्या बिल्डिंगचं फ्रीहोल्ड घेतलंय म्हणता, त्यांनी मात्र यात पडू नये. छप्पर दुरुस्त करा, खर्चाचा वाटा द्या, ही बंधनं लीजमुळे पुढच्या मालकालाही लागू राहतात. फ्रीहोल्डवर अशी पैसे खर्चायला लावणारी बंधनं सहसा पुढच्या मालकावर चालत नाहीत. म्हणून फ्रीहोल्ड फ्लॅटवर कर्ज द्यायला बँका नाखूश असतात. त्यांनी लीज तसंच ठेवून मुदत 999 वर्षं करून घ्यावी.