प्रीसेट वाद्यांप्रमाणे नको, गाण्यांच्या क्रमाने लावा

तुम्ही लिहिलंय की प्लगइन प्लेअरमध्ये (कीबोर्डला जोडून सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवणाऱ्या यंत्रात) दोनशेच्या वर प्रीसेट, म्हणजे तयार करून साठवलेले आवाज, भरलेत, पियानो, स्ट्रिंग्ज, ब्रास असे कप्पेही केलेत, तरी स्टेजवर हवा तो आवाज वेळेत हाताला लागत नाही. असे कप्पे घरी ठीक. पण मुखडा संपून म्युझिक पीस सुरू होईपर्यंत आपण ‘बासरी’ शोधत नसतो, ‘पुढचा आवाज’ शोधत असतो.

म्हणून दोन साठे ठेवा. मूळ माल कॉम्प्युटरवर, वाद्यवार. प्लेअरमध्ये फक्त त्या कार्यक्रमाची बँक, म्हणजे प्रीसेटचा संच, गाण्यांच्या क्रमाने. एकच बासरी चार गाण्यांत असेल तर तिच्या चार प्रती करा, कंजूषी नको. मग पेडल दाबत फक्त पुढे जायचं. मात्र प्लेअर रिसेप्टर असो की व्ही-मशीन, आत शेवटी छोटा कॉम्प्युटरच. सॅम्पलवाला, म्हणजे खऱ्या वाद्याच्या रेकॉर्डिंगवर चालणारा, जड पियानो मेमरीत चढायला वेळ घेतो, तेव्हा असे प्लगइन मोजकेच घ्या आणि बँक बदलायची ती मध्यंतरात.

नावाआधी तीन आकडी नंबर टाका, तोही दहाच्या टप्प्याने: 010, 020, 030. आयत्या वेळी गाणं घुसलं तर 025 ला जागा असते. नुसते 1, 2, 3 लिहिलेत तर फाइलींच्या यादीत बऱ्याचदा 1 च्या खाली 10 येऊन बसतो. नंबरानंतर गाण्याची दोन-तीन अक्षरं, मग वाद्य. कंपनीने दिलेली ‘वॉर्म ड्रीमी’ छाप नावं खुशाल उडवा, छोट्या पडद्यावर ती अर्धीच दिसतात.

कीबोर्डवरून प्रोग्रॅम चेंज, म्हणजे ‘अमुक नंबरचा प्रीसेट लाव’ हा निरोप, पाठवत असाल तर मिडीत (वाद्यं एकमेकांशी बोलतात त्या भाषेत) मोजणी 0 ते 127 असते, पण काही यंत्रं ती 1 ते 128 अशी दाखवतात. कीबोर्डवर 5 आणि तिकडे 6 दिसलं तर बिघाड समजू नका. एका भावगीताला मी हार्मोनिअम मागितली आणि ट्रम्पेट वाजला, तो याच एका घराच्या फरकाने. गायिकेने वळून जे पाहिलं ते अजून आठवतं.

आवाजाच्या पातळ्या हेडफोनवर जुळवू नका. तालमीत, पूर्ण वाद्यवृंद वाजत असताना जुळवा आणि हळू प्रीसेट वाढवण्याऐवजी मोठे कमी करा, नाहीतर आउटपुट फाटतो.

सगळ्यात जास्त घोळ पट्टीचा. ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणं, प्रीसेटमध्ये कधीच सेव्ह करू नका. तुम्ही सगळं काळी दोनला बांधून ठेवता आणि गायक विंगेत येऊन सांगतो, “घसा बसलाय, आज काळी एक.” पट्टी प्रीसेटमध्ये अडकली असेल तर आता एकेक उघडून बदलत बसा. कीबोर्डवरच ट्रान्सपोज ठेवलंत तर बटण दोनदा दाबून खाली, संपलं. फक्त तबला किंवा ड्रम त्याच कीबोर्डवरून वाजवत असाल तर ते ट्रान्सपोजच्या बाहेर ठेवा. नाहीतर की सरकते आणि बेस ड्रमच्या जागी भलतंच काही वाजतं.

बॅकअप पेन ड्राइव्हवर, आणि तो घरी नाही, कीबोर्डच्या पिशवीत.

आणि बँकेच्या शेवटच्या घरात एक साधा पियानो ठेवा. समोरून फर्माईश आली, गाणं यादीत नसलं, की मी तिकडेच पळतो.