क्लोजिंग तोंडावर आलंय, इन्स्पेक्शनचे कागद कुठे आहेत?

प्रश्न: ताई नमस्कार, मी 71, मिसेस 67, न्यू जर्सीत आमच्या 1964 साली बांधलेल्या घरात राहतो. जुनं मॉर्गेज थोडं राहिलंय, ते फिटावं म्हणून हेकम, म्हणजे सरकारी संस्था एफएचएच्या विम्याचं रिव्हर्स मॉर्गेज (ज्येष्ठांना राहत्या घरावर मिळणारं कर्ज) घेतोय. कौन्सिलिंग झालं, अप्रेजल म्हणजे घराची किंमत ठरवणारी पाहणी झाली, पुढच्या शुक्रवारी क्लोजिंग, म्हणजे कर्जाच्या कागदांवर सह्या. अप्रेजरने लिहिलं की मागच्या पायऱ्यांना कठडा नाही, खिडक्यांचा रंग सोलवटलाय आणि वाळवीची तपासणी करा. कठडा बसवला, रंग मारला, वाळवीवाला येऊन गेला, कॉन्ट्रॅक्टरचं बिल लेंडरला ईमेल केलं. लोन ऑफिसर म्हणतो सगळं फाइलमध्ये आहे, मुलगी म्हणते बाबा, सही करायच्या आधी कागद स्वतः बघा. नक्की कुठले कागद बघू?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: काका, मुलीचं ऐका. "फाइलमध्ये आहे" म्हणजे काय आहे ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि अप्रेजलची कॉपी तर लेंडरने तुम्हाला क्लोजिंगच्या किमान तीन कामाच्या दिवस आधी द्यायलाच हवी, तीही फुकट. नसेल आली तर आजच मागा, उद्यावर टाकू नका.

कॉपी हातात आली की किंमत नंतर बघा, आधी किमतीच्या जवळ ते चार चौकोन असतात ते शोधा. घर जसं आहे तसं, का "सब्जेक्ट टू" म्हणजे अमुक दुरुस्ती किंवा अमुक तपासणी झाली तरच. तुमच्या बाबतीत दुरुस्तीच्या चौकोनात खूण असणार आणि बहुतेक तपासणीच्याही. खाली किंवा पुरवणी पानावर प्रत्येक गोष्ट वेगळी लिहिलेली असते, फोटोसकट. त्या एकेका ओळीसमोर पेन्सिलीने लिहा की हिचा कागद कुठला, तारीख कुठली, सही कोणाची. ज्या ओळीसमोर काही लिहिता येत नाही ती ओळ अजून उघडी आहे, मग लोन ऑफिसर फोनवर काहीही म्हणो.

आता बिलाचं. बिल हा पैसे मागितल्याचा पुरावा झाला, काम अप्रेजरने सांगितल्यासारखं झालं याचा नाही. त्यासाठी बहुतेक वेळा अप्रेजर परत येतो, कठड्याचा फोटो काढतो आणि 1004डी नावाच्या फॉर्मवर काम पूर्ण झाल्याची सही करतो. तुमच्याकडे तो परत आलाच नसेल तर तिथेच गाडी अडलीय असं समजा आणि आजच्या आज तारीख घ्या, कारण शुक्रवारी क्लोजिंग असताना गुरुवारी संध्याकाळी अंडररायटरने, म्हणजे लेंडरकडे कर्ज तपासून मंजूर करणाऱ्याने, हा कागद मागितला की सगळं पुढे ढकललं जातं, हे मी जवळून पाहिलंय. बिलावर पैसे मिळाल्याची नोंद घ्या आणि कॉन्ट्रॅक्टरकडून लियन वेव्हरही घ्या, म्हणजे माझं काही येणं नाही आणि घरावर माझा दावा नाही असं त्याचं लेखी.

रंगाचं जरा जास्त सांगते, कारण घर 1978 च्या आधीचं आहे आणि त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. एफएचएला नुसता वरून ब्रश मारलेला चालत नाही, सुटलेला रंग आधी नीट काढावा लागतो आणि जमिनीवर पडलेले पापुद्रेही उचलावे लागतात. अप्रेजर खिडकीखालच्या मातीकडे बघतो हो, एकदा स्वतः वाकून बघा तिथे पांढरे तुकडे राहिलेत का. अशा जुन्या घरात रंग खरवडायचा तर 2010 पासून कॉन्ट्रॅक्टरकडे लेड-सेफचं, म्हणजे शिसं न पसरवता काम करण्याचं, सर्टिफिकेशन लागतं, त्याची कॉपी बिलाबरोबर लावून ठेवा.

वाळवीचा रिपोर्ट एनपीएमए-33 या फॉर्मवर येतो. सगळे "काही दिसलं नाही" एवढंच वाचून खूश होतात, पण त्याच फॉर्ममध्ये कुठल्या जागा बघता आल्या नाहीत तेही लिहिलेलं असतं. माझ्या मावशीच्या वेळी घराखालच्या क्रॉल स्पेसमध्ये जुन्या बॅगा आणि खोकी कोंबलेली, इन्स्पेक्टरने सरळ "जाता आलं नाही" लिहिलं, अंडररायटरने रिपोर्ट परत पाठवला. सत्तरीपुढची बाई वाकून वाकून खोकी काढत होती आणि तोपर्यंत क्लोजिंग दहा दिवस पुढे गेलं. तिला आधी कोणी एक शब्द सांगितला नाही याचा मला अजून राग येतो. तेवढा रकाना आत्ताच वाचा.

एखादं काम राहिलं तर? जीवाला धोका असलेलं काम क्लोजिंगआधीच व्हायला लागतं. बाकीचं नंतर चालू शकतं, पण राहिलेल्या दुरुस्तीचा अंदाज घराच्या धरलेल्या किमतीच्या 15 टक्क्यांच्या आत हवा आणि अंदाजाच्या दीडपट रक्कम लेंडर बाजूला ठेवतो. म्हणजे 6,000 डॉलरचं काम असेल तर 9,000 तुमच्या हातात लगेच येणार नाहीत. ते पैसे गेले असं नाही, पण रिपेअर रायडर या दुरुस्तीच्या करारात जी तारीख असते ती पाळावी लागते, हुकली तर महिन्याला मिळणारी रक्कम थांबू शकते. हा आकडा एचयूडी-1 या हिशोबाच्या कागदावर दिसायला पाहिजे. कठडा आणि रंग आधीच झालेत आणि तरी तिथे दुरुस्तीची रक्कम दिसली, तर याचा अर्थ 1004डी फाइलमध्ये पोचलेलाच नाही.

आणि नाव. डीडवर, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदावर, पूर्ण मधल्या नावासकट, लायसन्सवर नुसतं एक अक्षर, रिपोर्टवर आडनावाचं वेगळंच स्पेलिंग, हे आपल्या लोकांचं हमखास होतं. सगळ्या कागदांवर नाव आणि पत्ता डीडसारखाच आहे ना ते बघा.

क्लोजिंगचे कागद करणाऱ्या टायटल कंपनीला सांगा की सहीचा पूर्ण सेट गुरुवारी सकाळीच ईमेल करा, आणि मुलीला शेजारी बसवून वाचा. शुक्रवारी सही झाली तरी तुमच्याकडे मंगळवारच्या मध्यरात्रीपर्यंत वेळ असतो, कारण आहे त्या घरावरच्या अशा कर्जात माघार घ्यायला तीन दिवस मिळतात, त्यात शनिवार धरतात, रविवार आणि फेडरल सुट्टी धरत नाहीत. मन बदललं तर फोनवर सांगून चालत नाही, लेखी द्यावं लागतं, त्याचा फॉर्म त्याच सेटमध्ये असतो, तो आधीच वेगळा काढून ठेवा.