प्रबंधातली थिअरी: निघण्याआधी एवढं करून या

तुम्ही विचारलंय की पुढच्या वर्षी बाहेर मास्टर्सला जायचंय आणि प्रबंधात थिअरेटिकल फ्रेमवर्क आणि कन्सेप्चुअल फ्रेमवर्क असं दोन्ही मागतात, तर हे एकच का? एकच नाही. इथे आल्यावर माझं अख्खं सत्र या गोंधळात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमुक झालं की तमुक का होतं, याचं कुणीतरी आधीच मांडलेलं आणि इतरांनी तपासून पाहिलेलं स्पष्टीकरण म्हणजे थिअरी. ती आपण उसनी घेतो आणि तिच्या आधारावर सैद्धांतिक चौकट (थिअरेटिकल फ्रेमवर्क) उभी करतो. संकल्पनात्मक चौकट (कन्सेप्चुअल फ्रेमवर्क) मात्र आपली आपणच आखायची: माझ्या अभ्यासात मी काय काय बघणार आणि कशाचा कशावर परिणाम होत असावा, याचा नकाशा. काही विभागांत हे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात. पहिल्याच भेटीत गाईडना विचारून घ्या, अजिबात संकोच करू नका.

माझा विषय होता, नव्याने आलेल्या स्थलांतरितांना पहिली नोकरी कुणामार्फत मिळते. पहिल्या मसुद्यात मी चार थिअऱ्या कोंबल्या होत्या. एव्हरेट ली यांची १९६६ ची स्थलांतराची मांडणी, पिएर बुर्द्यू यांचं सामाजिक भांडवल (ओळखीपाळखीतून मिळणारं बळ), शिवाय आणखी दोन, त्यातली एक समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांची. गाईडनी समासात एवढंच लिहिलं: ‘यातली एखादी काढली तर पुढे काय बदलेल?’ मी प्रश्नावली उघडून बसले. ली काढून पाहिले, एक प्रश्नही हलला नाही. माणूस घर का सोडतो हे ते सांगतात. माझी माणसं तर घर सोडून पोचलेली होती.

बाकीच्याही अशाच गळल्या. उरले ग्रॅनोव्हेटर. १९७३ च्या लेखात त्यांनी मांडलं की जवळच्यांना बहुतेक तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं. नवी खबर लांबच्या ओळखीतून येते. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ज्याने कळवलं त्याला तेव्हा किती वेळा भेटत होतात? आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे २७.८. माझ्या प्रश्नावलीत तोवर ‘नोकरीबद्दल कुणी सांगितलं?’ एवढंच होतं. त्याखाली ‘त्यांना किती वेळा भेटत होतात?’ हा प्रश्न आला. थिअरी कामाला लागते ती अशी, प्रश्नावलीत दिसते.

पण ग्रॅनोव्हेटर ज्यांच्याशी बोलले ते बोस्टनजवळ राहणारे, व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कामं करणारे लोक होते. काल विमानातून उतरलेल्याकडे लांबच्या ओळखी असणार कुठून? म्हणून माझ्या नकाशाच्या आकृतीत मी दोन चौकोन वाढवले: येऊन किती महिने झाले, आणि पदवीला इथे मान्यता आहे का. ही झाली माझी संकल्पनात्मक चौकट. कशाचा कशावर परिणाम होतो हे दाखवणाऱ्या प्रत्येक बाणाशेजारी मी पेन्सिलने लिहीत गेले, हे कोण म्हणतंय. दोन बाणांशेजारी काहीच लिहिता येईना, ते खोडले. परीक्षकांचे निम्मे प्रश्न त्या आकृतीवर होते आणि मला उत्तरं देता आली.

तुमचा अभ्यास ग्राउंडेड थिअरीच्या वाटेने जाणार असेल (ही पद्धत ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये मांडली), तर गोष्ट उलटी आहे. तिथे थिअरी मुलाखतींमधून वर येते, आधी ठरवून बसायचं नसतं. हेही गाईडशी लवकर बोला.

आणि एक, मिळालेली माहिती थिअरीत बसत नसेल तर ओढूनताणून बसवू नका. का बसली नाही हे लिहा, प्रबंधातली सगळ्यात मोलाची पानं तीच असतात.

निघण्याआधी एक काम करा. बऱ्याच विद्यापीठांचे प्रबंध ऑनलाइन वाचायला मिळतात. आपल्या विषयातले चार-पाच डाउनलोड करून घ्या आणि थिअरीचं नाव पीडीएफमध्ये शोधा. दुसऱ्या प्रकरणानंतर ते नाव थेट संदर्भसूचीतच सापडलं, तर थिअरी तिथे कामाला लागलेलीच नाही, तो प्रबंध नमुना म्हणून धरू नका.