मास्क सगळ्यात शेवटी

प्रश्न : ताई, मी केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं आणि यंदा कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सेफ्टी टेक्निशियन म्हणून लागलो. फेटलिंगमधली, म्हणजे ओतलेला धातूचा भाग घासून साफ करण्याच्या विभागातली, माणसं मास्क गळ्यात अडकवून ग्राइंडिंग करतात. बोललं की म्हणतात, "वीस वर्षं धूळ खातोय, काय झालंय आम्हाला?" सुपरवायझर म्हणतो, रजिस्टरवर सह्या घे आणि गप बस. सेफ्टीचा डिप्लोमा करावा, की लाइनच बदलावी?
— एक वाचक, मिरज

उत्तर : लाइन बदलू नकोस. धाकट्या भावाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते. मीही याच पट्ट्यातल्या कारखान्यांत हे काम करते, त्यामुळे तुझं फेटलिंग शॉप माझ्या डोळ्यांपुढे आहे.

तू सुरुवात मास्कपासून केलीस. ती वाळूपासून कर. साच्यातून कास्टिंग (ओतलेला भाग) निघतं तेव्हा त्याला भाजलेली वाळू चिकटलेली असते. ग्राइंडर लागला की तिचं पीठ होतं, आणि ही वाळू म्हणजे बहुतेक सगळी सिलिका. डोळ्यांना दिसणारी धूळ लवकर खाली बसते. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारी धूळ दिसत नाही आणि तासन् तास हवेत तरंगत राहते. म्हणून माणसांना वाटतं, आज धूळ कमी आहे.

ती त्यांना दाखव. रात्रपाळीत एखादा अंधारा कोपरा बघ (दिवे घालवू नकोस, ग्राइंडर फिरत असतो). चांगल्या बॅटरीचा झोत धुळीच्या पलीकडून आपल्या बाजूला येऊ दे आणि बॅटरीचं तोंड फक्त आपल्या डोळ्यांपासून पुठ्ठ्याने आड कर. एका कारखान्यात मी हे केलं तेव्हा सगळ्यात जुने ग्राइंडरमामा झोताकडे बघत राहिले. त्यांच्या नाकापुढून धुराची वेटोळी जावीत तशी धूळ वर चढत होती. "हे रोज असतं?" एवढंच त्यांनी विचारलं आणि शेजारच्या दोघांना हाक मारली. माझ्या कुठल्याच पोस्टरने ते काम केलं नव्हतं.

माणसांना डोळ्यांनी पटतं, मालकाला आकड्याने. त्यासाठी पर्सनल सॅम्पलिंग करून घे : पंप कमरेला, सायक्लोन (जाड धूळ वेगळी काढणारी नळी) आणि फिल्टर कॉलरला, नाकाच्या जवळ, आणि पूर्ण पाळीभर. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये श्वसनयोग्य सिलिका धुळीच्या मर्यादेचं सूत्रच दिलेलं होतं : 10 भागिले (क्वार्ट्झचे, म्हणजे स्फटिकी सिलिकाचे, टक्के अधिक 2). म्हणजे त्या बारीक धुळीत 18 टक्के क्वार्ट्झ निघालं, तर एका घनमीटर हवेत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ नको. तू केमिस्ट आहेस, हा हिशोब साहेबांपुढे तुझ्याइतका नीट कोण मांडणार?

मग धूळ उठते तिथेच धर. नॉकआउटवरचं (साचा फोडून कास्टिंग काढतात तिथलं) सक्शन खरंच ओढतंय का, ते हुडाच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरून बघ. फिल्टरच्या पिशव्या चोंदलेल्या असतात आणि मोटर मात्र चालू असते, हे मी किती ठिकाणी पाहिलंय! कोरडा खराटा बंद कर, ओलं झाडणं किंवा व्हॅक्यूम. आणि पाळी सुटताना एअरच्या पाइपने कपडे झटकायची जी सवय असते, ती आधी मोड. तेवढ्यात भरपूर धूळ नाकात जाते.

एवढं झालं की मास्क. तो गळ्यात का असतो, ते माणसांनाच विचार. भट्टीजवळ उकाडा असतो, मास्क चोंदला की श्वास ओढवत नाही आणि नवा मागितला तर स्टोअरवाला ओरडतो. खालचा पट्टा कापून टाकलेला असतो. दाढी असली की कडेने हवा शिरते. मास्क हातात दिल्याशिवाय रजिस्टरवर सही घेऊ नकोस, सुपरवायझर काहीही म्हणो.

डिप्लोमा जरूर कर, पण वर्ष-दोन वर्षं शॉप फ्लोअरवर काढून. हिंदी पक्की कर. आपल्याकडच्या फाउंड्रीत बिहार-यूपीची पोरं भरपूर आहेत, आणि सेफ्टी ऑफिसरच्या नियमांतही त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा येणं ही अट आहे.

राहिलं "काय झालंय आम्हाला?" सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, बहुधा दहा-वीस वर्षांनीच वर येतो. जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला येतो. पुष्कळांवर तो टीबी समजून उपचार होत राहतात. सिलिकोसिस झालेल्याला टीबी जडण्याचा धोकाही जास्त, त्यामुळे गोंधळ वाढतो. हा नोंद करून कळवायचा आजार आहे आणि त्याची भरपाई मिळू शकते, पण डॉक्टरला धंदा कळला तर ना! म्हणून या आठवड्यात एक काम कर. जो खोकतो, त्याला छातीचा एक्स-रे काढायला पाठव, आणि चिठ्ठीवर त्याचं काम व वर्षं लिही : फेटलिंग, ग्राइंडर, 20 वर्षं. जुना एक्स-रे घरी असेल तर तोही सोबत न्यायला सांग.